स्त्रीदाक्षिण्य आणि गाडीची किल्ली

रविवारी सकाळी पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा कोणत्याही शहरातील मध्यमवर्गीय गृहसंस्थेच्या आवारात एक दृश्य हमखास दिसते. गृहस्थ बादली आणि फडके घेऊन मोटार पुसत असतात. ती झाली की पत्नीच्या स्कूटरकडे वळतात, चाके दाबून पाहतात, पेट्रोलचा काटा पाहतात आणि कोपऱ्यावरच्या पंपावर जाऊन हवा व पेट्रोल भरून आणतात. शेजाऱ्याने सहज विषय काढला तर उत्तर ठरलेले असते : ‘हिच्या गाडीचे सगळे मीच पाहतो. तिला कशाला त्या पंपावरच्या रांगेत उभे करायचे?’ या उत्तरात आपुलकी नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच घटकेला वरच्या मजल्यावर तीच पत्नी न्याहरी उरकून दुपारच्या स्वयंपाकाला लागलेली असते. ‘ह्यांच्या जेवणाचे सगळे मीच पाहते,’ असे मात्र ती कोणाला सांगत नाही. सांगितले तरी त्यात कोणाला विशेष काही वाटणार नाही. पहिल्या कामाला दाक्षिण्य म्हणतात, दुसऱ्याला संसार म्हणतात. शब्दांच्या या फरकात आपल्या कौटुंबिक अर्थव्यवस्थेचे बरेचसे रहस्य साठवलेले आहे.

समाजवादी विचाराच्या साप्ताहिकाने मोटारीच्या हवा-पाण्याची चर्चा करावी, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरापैकी पाचांहून कमी कुटुंबांकडे मोटार होती. स्कूटर, मोटारसायकल वा मोपेड होती ती सुमारे एकवीस कुटुंबांकडे. तेव्हापासून दुचाकी तालुक्या-तालुक्यात आणि वाडीवस्तीवर पोहोचली, कार्यकर्त्यांच्या दारातही आली. म्हणजे प्रश्न केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला राहिलेला नाही. शिवाय राममनोहर लोहियांनी सप्तक्रांतीची मांडणी करताना स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले होते, आणि चुलीचा धूर व स्त्रियांसाठी शौचालये हे राजकारणाचेच विषय आहेत असे आग्रहाने सांगितले होते. घरातील बारीकसारीक व्यवस्थेत सत्ता कशी वसते हे ओळखणे हा त्याच विचाराचा भाग आहे.

‘स्त्रीदाक्षिण्य’ या शब्दाकडे थोडे निरखून पाहावे. युरोपात या गुणाला जे नाव आहे ते घोड्यावरून आलेले आहे. फ्रेंच भाषेत घोड्याला ‘शव्हाल’ म्हणतात. त्यावर बसणारा तो सरदार, आणि त्याने दुर्बळांशी, विशेषतः स्त्रियांशी, जे उदार वर्तन करावे ती ‘शिव्हलरी’. म्हणजे या उदारतेची पहिली अट अशी की घोडा एकाकडे असावा आणि दुसरीकडे नसावा. आपल्याकडील कुळकथाही फार वेगळी नाही. संस्कृत नाट्यशास्त्रात नायकांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यात ‘दक्षिण’ नायक म्हणजे अन्य स्त्रीत मन गुंतले असताही पहिलीशी सौजन्याने वागणारा पुरुष. त्याच्या वागण्यात गोडवा आहे, पण निवडीचा अधिकार सर्वस्वी त्याचा आहे. दाक्षिण्य दाखवणाऱ्याच्या हाती काहीतरी असते आणि ते देणे-न देणे त्याच्या मर्जीवर असते. हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक कामगार चळवळीत काम केलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. मालकाने दिवाळीला स्वखुशीने दिलेली बक्षिसी आणि कराराने मिळालेला बोनस यांची रक्कम एकच असली, तरी त्या दोन गोष्टी एक नसतात.

या व्यवस्थेचे समर्थन सहसा श्रमविभागणीच्या नावाने केले जाते. ती घरातले पाहते, तो बाहेरचे पाहतो. तिच्याकडे स्वयंपाकघर, त्याच्याकडे गाडी. मग तक्रार कसली? हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत, सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया बिनमोबदला घरकाम करतात त्यांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे आढळले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे होती. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, पण पुरुषाचा वाटाही जवळजवळ तेवढाच कमी झाला. हे आकडेही केवळ काम करणाऱ्यांचे आहेत. घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ८१ टक्के, तर पुरुषांचे सुमारे २७ टक्के आहे. मुलांची आणि वृद्धांची देखभाल या हिशेबाच्या बाहेर, वेगळी मोजलेली आहे. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की वाहनाची निगा आणि दुरुस्ती या पाहणीच्या वर्गीकरणात घरकामातच धरलेली आहे. गाडी धुणे, हवा भरणे, स्टेपनी बदलणे हे सारे पुरुषाच्या त्या ८८ मिनिटांत आधीच जमा झालेले आहे. ते जमा करूनही रोजचे तीन तास एकवीस मिनिटांचे अंतर उरते. गाडीच्या मोबदल्यात स्वयंपाकघर हा सौदा तोलून पाहिला तर काटा कोणीकडे झुकतो हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

मिनिटांपेक्षाही कामाचे स्वरूप महत्त्वाचे आहे. गाडीची हवा पंधरवड्याने पाहिली तरी चालते. विमा वर्षातून एकदा भरायचा असतो, सर्व्हिसिंग काही महिन्यांनी येते, पी.यू.सी.चा दाखला मुदत संपली की काढायचा असतो. ही कामे आपल्या सवडीने करता येतात, आज नाही तर पुढच्या रविवारी. ती चारचौघांत, उघड्यावर होतात. केल्याचे दिसते, आणि केल्याबद्दल कौतुकही होते. कणीक मात्र रविवारवर ढकलता येत नाही. सकाळी घासलेले भांडे रात्री पुन्हा मोरीत येते, आणि काल स्वयंपाक केला होता याचा आज कोणी उल्लेख करीत नाही. पुष्कळ गृहसंस्थांत तर आता गाड्या पुसण्याचे काम पगारी माणूस पहाटेच करून जातो, आणि महिन्याला पैसे दिले की पुरुषाचा त्याच्याशी संबंध संपतो. घरकामाला बाई ठेवली तर मात्र तिची वेळ, तिची रजा, तिच्या आजारपणात पडणारी भांडी ही सारी चिंता घरच्या स्त्रीकडेच राहते. पैसे मोजूनही तिचे काम तिला सोडीत नाही.

‘पण ही कामे बायकांना जमत नाहीत,’ हा यावरचा जुना आक्षेप आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. मोटारीने केलेला जगातील पहिला लांब पल्ल्याचा प्रवास एका स्त्रीने केला. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी पतीला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि दोन किशोरवयीन मुलांना बरोबर घेऊन जर्मनीतील मानहाइमहून फोर्झहाइम गाठले. अंतर सुमारे शंभर किलोमीटर होते. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, इंधन संपले तेव्हा औषधाच्या दुकानातून द्रावक विकत घेतले, आणि ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. आज ज्यांना ‘गाडीची कटकट’ म्हणतात ती सारी कामे त्या एका प्रवासात एका गृहिणीने निभावली. शारीरिक बळाचा मुद्दाही यंत्रविद्येने कधीच निकालात काढला आहे. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लूना आणि १९८४ मध्ये गिअर नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी कायनेटिक होंडा बाजारात आणली, तेव्हाच किक मारण्याच्या ताकदीचा प्रश्न संपला. सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव यांनी तर अनेक वर्षे रेल्वेचे इंजिन चालवले. ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेणाऱ्या त्याच होत्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. खंडाळ्याच्या घाटातून आगगाडी उतरवणे एका स्त्रीला साधते, पण दुसरीला चाकात हवा भरणे झेपणार नाही, असे मानण्यामागे अनुभव नाही, सोय आहे.

ही सोय कोणाची, हा खरा प्रश्न आहे. जो पेट्रोल भरतो त्याला गाडी किती फिरली हे ठाऊक असते. जो दुरुस्ती करून आणतो तोच गाडी केव्हा मिळेल हे सांगतो. पुष्कळ घरांत स्कूटरचा हप्ता पत्नीच्या पगारातून जातो, पण कागदपत्रांवर नाव पतीचे असते, कारण ‘आर.टी.ओ.चे सगळे तेच बघतात’. पंक्चर झाल्यावर काय करायचे हे माहीत नसलेली स्त्री अंधार पडण्यापूर्वी घरी परतते, लांबच्या रस्त्याला जात नाही, परगावची बदली नाकारते. तिला कोणी मनाई केलेली नसते. तिची काळजी घेतलेली असते. काळजीने घातलेले कुंपण दिसत नाही, म्हणून ते ओलांडणेही अवघड जाते.

याचा प्रत्यय दूर कोठे शोधण्याचे कारण नाही. तालुक्याच्या गावी संध्याकाळची बैठक चालू असते. मुख्य ठरावावर चर्चा सुरू व्हायची असते, आणि बाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजतो. एखादी भगिनी पिशवी उचलते, ‘हे आलेत’ म्हणून हलक्या आवाजात सांगते आणि निघून जाते. तिला न्यायला आलेला पती बहुधा आपलाच कार्यकर्ता असतो. पत्नीला बैठकीला ‘पाठवतो’ म्हणून त्याची वाखाणणीही होते. ठराव मग तिच्यावाचून मंजूर होतो, समित्या तिच्यावाचून नेमल्या जातात, आणि वर्षअखेरच्या अहवालात स्त्रियांचा सहभाग अपेक्षेइतका नाही अशी खंत व्यक्त केली जाते. १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांनी महागाईविरोधात मुंबईत लाटणे मोर्चा काढला, तेव्हा हजारो गृहिणी आपल्या पायांनी रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांच्या लेकी-सुनांना बैठक संपेपर्यंत थांबण्यासाठी आज कोणाच्या तरी मागच्या आसनाची वाट पाहावी लागत असेल, तर चळवळीने यावर गंभीरपणे विचार केला पाहिजे.

यावर एक प्रतिवाद खुद्द स्त्रियांकडूनच येतो आणि त्याची टवाळी करणे योग्य नाही. त्या म्हणतात, दिवसभराच्या रगाड्यात एवढे एक काम तो करतो, तर तेही अंगावर ओढून घेण्याची हौस कोणाला आहे? त्यांचे म्हणणे रास्त आहे. समतेचा अर्थ २८९ मिनिटांत आणखी वीस मिनिटांची भर घालणे असा असेल, तर ती समता स्त्रियांनी नाकारलेलीच बरी. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत आपण ही चूक एकदा केली आहे. तिने बाहेरचे काम पत्करले, आणि घरातले तिच्याकडेच राहिले. म्हणून येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. जॅक कोठे लावायचा, पाना कसा फिरवायचा, विम्याची मुदत केव्हा संपते हे ज्ञान दोघांनाही हवे, कारण ज्ञान हे स्वातंत्र्याचे साधन आहे. श्रम मात्र तासांच्या हिशेबाने वाटून घ्यावे. पुरुषाने पोळ्या लाटायला घेतल्या, मुलांचा अभ्यास आणि आजाऱ्याचे पथ्य सांभाळायला घेतले, की स्त्रीने पंपावर जाण्याला अर्थ येईल. क्रम उलटा लावला तर तो केवळ कामाचा बोजा ठरेल.

सौजन्य टाकून द्यावे असे यात कोठेही सुचवलेले नाही. थकलेल्या माणसासाठी दार उघडणे, पावसात भिजू नये म्हणून न्यायला जाणे, ही माणुसकी आहे आणि तिला लिंग नसते. पतीला ताप असता पत्नीने गाडी काढून त्याला दवाखान्यात नेणे आणि पत्नी गरोदर असता पतीने नेणे, यांत फरक करण्याचे कारण नाही. कसोटी एवढीच की भूमिकांची अदलाबदल करून पाहावी. तीच कृती उलट बाजूने केली असता पुरुषाला संकोच वाटत असेल, बायकोच्या मागे बसून गावातून जाणे त्याला कमीपणाचे वाटत असेल, तर मूळ कृतीत सौजन्याबरोबर श्रेष्ठत्वही दडलेले होते असे समजावे.

ज्या स्त्रीच्या घरी वाहनच नाही तिचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. चार घरची धुणीभांडी करणारी स्त्री पायी जाते, शेतमजूर स्त्री टेंपोत उभी राहून जाते. तिला कोणाच्या दाक्षिण्याचा उपयोग नाही. तिला वेळेवर येणारी, परवडणारी, रात्रीही धावणारी बस हवी. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले, त्याला ‘महिला सन्मान’ असे नाव दिले गेले. सवलत स्वागतार्ह आहे. स्त्रीला कोणाला न विचारता बाहेर पडता येणे ही मोठी गोष्ट आहे. पण गाडीच आली नाही तर अर्ध्या तिकिटाचे काय करायचे? सन्मान ही शासनाने दाखवायची मेहेरबानी नव्हे. पुरेशा गाड्या, उजेड असलेली स्थानके आणि स्वच्छ शौचालये हा प्रवासी नागरिकाचा हक्क आहे, आणि तो मागणे हे आपले काम आहे.

कार्यकर्त्यांनी याची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी, आणि ती अवघड नाही. येत्या रविवारी गाडीचे कागद दोघांनी मिळून पाहावे, नाव कोणाचे आहे आणि हप्ता कोण भरतो हे एकदा मोकळेपणाने बोलावे. पत्नीला चाक बदलायला शिकवायचे असेल तर त्याआधी तिच्याकडून स्वयंपाकघरातील आठवडा समजून घ्यावा आणि त्यातले काही दिवस कायमचे आपल्याकडे घ्यावे. तालुका समित्यांनी बैठकीची वेळ शेवटच्या बसच्या वेळापत्रकाशी जुळवावी, स्त्री कार्यकर्त्यांना वाहन परवाना काढायला साहाय्य करावे, आणि महत्त्वाचे ठराव कार्यक्रमपत्रिकेत आधी घ्यावे. यातले काहीही क्रांतिकारक दिसणार नाही. पण ज्या दिवशी बैठकीच्या शेवटापर्यंत बसलेली स्त्री आपल्या पिशवीतून किल्ली काढील आणि आपल्या वेळेने घरी निघेल, त्या दिवशी सप्तक्रांतीतील पहिली क्रांती आपल्या गावात थोडीशी पुढे सरकलेली असेल.