एकक नसलेला आकडा

दुकानातील काटा वेळोवेळी वैधमापन खात्याकडून पडताळून घ्यावा लागतो, त्यावर मुद्रा उमटवून घ्यावी लागते. त्यामागील तत्त्व साधे आहे. तोलणारा बदलला तरी वजन बदलता कामा नये. शरीराची किंवा वास्तूची ‘कंपने’ मोजण्याचा दावा करणारी यंत्रे आज आपल्याकडेही विकली जातात. अशा यंत्रांपैकी ‘रेडिओनिक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांचे कुळ पाहू गेल्यास ते शंभर वर्षांमागे, अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात सापडते.

तेथील डॉ. अल्बर्ट एब्रम्स हे कोणी भोंदू वैदू नव्हते. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांच्याकडे होती आणि वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापनही केले होते. उतारवयाकडे झुकताना त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, प्रत्येक रोगाचे स्वतंत्र कंपन असते व ते रक्ताच्या एका थेंबातही उमटते. कागदावर टिपलेला तो थेंब पेटीत ठेवायचा. पेटीची तार एका निरोगी माणसाच्या कपाळाला जोडायची. त्या माणसाने मंद प्रकाशात पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे. मग डॉक्टरांनी त्याच्या पोटावर बोटांनी ठोकून पाहायचे आणि बोटांखालच्या आवाजावरून दूरच्या रुग्णाचा रोग सांगायचा! पुढे रक्ताचीही गरज उरली नाही. हस्ताक्षर पुरेसे ठरू लागले.

उपचाराची पेटी वेगळी होती. तिचे नाव ऑसिलोक्लास्ट. ती विकली जात नसे, भाड्याने दिली जाई. आणि मोहोरबंद पेटी उघडून पाहणार नाही, असे भाडेकरू डॉक्टराकडून लिहून घेतले जाई. तारण ठेवलेल्या मालाची पेटी उघडून पाहू नये, अशी अट घालणाऱ्या कर्जदाराला कोणत्या बँकेने दारात उभे केले असते? तरीही या पेट्या अमेरिकाभर पसरल्या. अप्टन सिंक्लेअर यांच्यासारखा नामवंत लेखकही एब्रम्स यांच्या बाजूने उभा राहिला.

अखेर ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने 1923 मध्ये चौकशी समिती नेमली. एब्रम्स-पद्धतीच्या एका डॉक्टरापुढे रोगजंतूंच्या सहा कुप्या ठेवण्यात आल्या. साऱ्याच चुकल्या. चिठ्ठ्यांवरील तांबड्या शाईच्या कंपनांनी घोटाळा केला, असे कारण पुढे आले. चिठ्ठ्या बदलून चाचणी पुन्हा झाली. निकाल बदलला नाही. समितीचा प्रतिकूल निष्कर्ष सप्टेंबर 1924 मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो पाहण्यास एब्रम्स नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे निधन झाले होते.

यंत्र मात्र मेले नाही. 1949 साली हायरोनिमस नावाच्या संशोधकाला पदार्थांतून निघणारे ‘उत्सर्जन’ मोजणाऱ्या यंत्राचे अमेरिकन पेटंट मिळाले. येथे जरा थांबावयास हवे, कारण ‘आमचे यंत्र पेटंटप्राप्त आहे’ हे वाक्य विक्रेते फार ठसक्यात उच्चारतात. पेटंट म्हणजे प्रामुख्याने कल्पनेवरील हक्क. यंत्राचा दावा रुग्णांवर तपासून दिलेला तो दाखला नव्हे. या यंत्रात बोट एका चकतीवर घासत राहायचे आणि तबकडी फिरवायची. बोट चिकटल्यासारखे वाटले की आकडा वाचायचा. म्हणजे काटा हलतो तो तोलणाऱ्याच्या बोटात. विज्ञानकथांच्या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी हे यंत्र बनवून पाहिले. वीज बंद असतानाही ते चालते, असे त्यांना आढळले. पुढे त्यांनी आतील जोडणीच्या जागी तिची शाईने काढलेली आकृतीच बसवली. तीही चालली! कॅम्पबेल यांना यात मनाची अज्ञात शक्ती दिसली. विजेचा मीटर बंद करूनही युनिटे मोजत राहिला, तर ग्राहक मात्र मनाच्या शक्तीचा विचार न करता थेट तक्रार नोंदवतो.

शिवाय हा आकडा कशाचा? कंपनसंख्येचे एकक हर्ट्झ. आपल्या घरातील विजेचे 50 हर्ट्झ कोणत्याही ठीक मीटरवर, कोणाच्याही हातात, 50 च्या आसपासच दिसतात. रेडिओनिक्सच्या तबकड्यांवरील आकड्यांना ‘रेट’ म्हणतात. त्यांना एकक नाही. रकमेपुढे रुपये की पैसे हे न लिहिलेली ती हुंडी आहे.

लॉस एंजेलिसच्या रूथ ड्राउन अशा यंत्रांवर निदान आणि दूरस्थ उपचारही करीत. शिकागो विद्यापीठात त्यांची परीक्षा ठेवली गेली. दहा रुग्णांच्या रक्ताचे नमुने होते. पहिल्या तिघांचे निदान इतके चुकले की पुढे जाण्यात अर्थ उरला नाही. इलिनॉय राज्यातील एका गृहिणीच्या स्तनात गाठ होती. यंत्राने कर्करोग नाकारला आणि बुरशीचा संसर्ग सांगितला. यंत्र घरी आणून उपचार सुरू राहिले. शस्त्रक्रियेची वेळ त्यातच निघून गेली आणि ती स्त्री दगावली. पैसा बुडाला तर तो पुन्हा मिळवता येतो. पण गेलेल्या महिन्यांची वसुली कोणत्याही न्यायालयातून होत नाही. 1951 मध्ये ड्राउन यांना संघराज्य न्यायालयाने दोषी ठरवले. दंड होता 1000 डॉलर. तो संघराज्य कायदा राज्याबाहेर पाठवलेल्या यंत्रांपुरता होता. कॅलिफोर्नियात त्यांचा व्यवसाय चालूच राहिला.

असे यंत्र घरी दाखवावयास आणणाऱ्याची परीक्षा घेण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. घरातील दोघांचे नमुने नाव न लिहिता, केवळ खुणेचे क्रमांक घालून द्यावेत. तासाभराने क्रमांक बदलून तेच नमुने पुन्हा द्यावेत आणि दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहावेत. कॅलिफोर्नियाच्या तपास अधिकाऱ्यांनी 1963 मध्ये याहून सोपा मार्ग पत्करला. त्यांनी ड्राउन यांच्याकडे तीन मुलांचे म्हणून रक्ताचे तीन नमुने पाठवले. यंत्राने कांजिण्या आणि गालगुंड सांगितले. ते रक्त टर्की पक्ष्याचे, मेंढीचे आणि डुकराचे होते.