मिल वाढवायची? आधी गिऱ्हाईक मोजा!

तुमसर-मोहाडीकडच्या कॉलेजात राइस मिलवाल्यांची मुलंमुली हमखास भेटतात. पुढे काय करणार, विचारलं की उत्तर ठरलेलं, पुण्यात जॉब. आणि मिल? 'बाबा बघतात ना!' धंदा कसा वाढवणार हे बाबांना विचारा, तर त्यांचंही उत्तर ठरलेलं. अजून एक शेड, नवं मशीन आणि त्यासाठी लोन.

मला वाटतं, घोळ इथेच होतो. आपल्याकडच्या कितीतरी मिल शासकीय धानाच्या भरडाईवर चालतात. मार्केटिंग फेडरेशनचं धान आणायचं, भरडायचं आणि क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा. उतारा कमी आला तर घट मिलवाल्याच्या अंगावर. केंद्राचा भरडाई दर क्विंटलला फक्त १० रुपये, वर राज्याचं अनुदान मिळेल ते. धान आपलं नाही, तांदूळ आपला नाही, भावही आपण ठरवत नाही. अशात मशीन दुप्पट केली तर दुप्पट होतो तो एकाच गिऱ्हाइकाचा भरवसा. आणि हप्ता, तो तर दर महिन्याला येतोच.

मिलवाल्याच्या हातात उरतं काय? कनकी, कोंडा, तूस. कोंड्याचं तेल निघतं, पण तो ताजाच विकावा लागतो. पडून राहिला की खवट होतो आणि भाव उतरतो. म्हणजे कोंडा कोण, किती दिवसांत उचलतो, हा प्रश्न नव्या शेडपेक्षा मोठा आहे. पण तो विचारतो कोण?

दुसरी गोष्ट चिन्नोरची. भंडाऱ्याच्या या सुवासिक तांदळाला जीआय मानांकन आहे. लगेच लोगो काढायला, इन्स्टा पेज उघडायला बसू नका (आपली पिढी तिथूनच सुरू करते!). चिन्नोरचं उत्पादन कमी, म्हणून शेतकरी तो लावायला कचरतो. रोवणीआधी भाव बोलून ठेवला नाही, तर दिवाळीनंतर पॅकेटात भरणार काय?

बीकॉम, बीबीए करणाऱ्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर बाबांच्या तीन वर्षांच्या वह्या काढाव्यात. मिल किती दिवस चालली, किती दिवस बंद होती, पैसा कोणाकडून आला आणि किती उशिरा? एका कागदावर मांडा. बाबा आधी चिडतील. मग चष्मा लावून तुमची बेरीज तपासतील.