आडनाव कळले, मग वाडी कशाला विचारता?

“आडनाव?”
“जाधव.”
“गाव?”
“संगमेश्वर तालुक्यात.”
“बरं, वाडी कुठली?”

रत्नागिरीतल्या आपल्या मुलांना हा तिसरा प्रश्न नवा नाही. जाधव, मोहिते, कदम, सकपाळ ही आडनावे मराठ्यांत आहेत, आपल्यातही आहेत. संगमेश्वरी बोली कुणबीवाडीत चालते, तशीच बौद्धवाडीतही. आडनावाने जात कळत नाही, बोलीने कळत नाही, म्हणून वाडी विचारायची! माणसे एकाच मातीची आहेत, भिंत मागाहून घातली, याची ही कबुलीच आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाट्या बदलतील, प्रश्नाचे काय?

मुंबई-पुण्यात गेल्यावर तीच बोली आडवी येते. ‘पानी’ म्हटले की समोरचा हसतो, ‘शुद्ध बोला’ म्हणतो. ज्या व्यवस्थेने आमच्या स्पर्शाने पाणी बाटवले, तिलाच आता आमचे ‘पानी’ अशुद्ध वाटते. चित्पावनांचीही घरची वेगळी बोली होती, चित्पावनी. ती मागे पडली, चिपळूणकरांचा ‘कर’ मात्र मानाने राहिला. त्यांना आज कोणी वाडी विचारत नाही.

म्हणून आपली काही मुले बोली गिळतात, आडनाव बदलतात. भाड्याच्या खोलीसाठी जो गप्प बसतो त्याला आम्ही दोष देत नाही, दोष विचारणाऱ्याचा. पण “बाबासाहेबांनीही आडनाव बदललेच की,” हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. घराण्याचे आडनाव सकपाळ. जात लपवायचीच असती तर तेच पुरेसे होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव लागले ते आंबेडकर, आणि त्याचे मूळ मंडणगड तालुक्यातले आंबडवे गाव. हे आडनाव कोणी दिले यावर लोक अजून भांडतात. गाव आपले आहे, हे सांगायला मात्र विसरतात. ते नाव पळवाट नव्हते, पत्ता होता. त्याच पत्त्याचा माणूस पुढे संविधानाचा शिल्पकार झाला.

मित्रांनो, प्रमाण मराठी शिका, इंग्रजी शिका. ती हत्यारे आहेत. पण आईची बोली लाजेखातर टाकू नका. लाज बाळगून जात मरत नाही, उलट पोसली जाते. कोणी वाडी विचारलीच तर ताठ मानेने ‘बौद्धवाडी’ सांगा. आणि पुढचा प्रश्न आपण विचारा : तुम्हाला ते कशाला हवे?

जय भीम!