‘एकदाच करायचं’ म्हणे!

‘छोटंसं ऑपरेशन असतंय काकू, एकदाच करायचं, मग काळजी मिटली!’ छाती मोठी करून घेण्याबद्दल लग्नाच्या वयाच्या मुली हल्ली असं बोलतात. वाक्य त्यांचं नव्हे, जाहिरातीचं आहे. आणि ते खोटं आहे.

छोटंसं कसलं? बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन, चीर घेऊन सिलिकॉनची किंवा मिठाच्या पाण्याची पिशवी आत बसवतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके आहेतच. शिवाय शरीर त्या परक्या वस्तूभोवती कवच तयार करतं. ते आवळत गेलं की छाती कडक होते, दुखते, आकार बिघडतो. स्तनाग्राची संवेदना कायमची जाऊ शकते. पुढं बाळाला दूध कमी पडू शकतं.

बरं, एकदाच म्हणावं, तर ही पिशवी जन्माची नसते. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं, की 8-10 वर्षांत पाचातल्या एकीवर ती काढून घ्यायची वेळ येऊ शकते. म्हणजे चोविसाव्या वर्षी बसवली, तर चौतिशीत, पदरात लेकरं असताना, पुन्हा टेबलावर! सिलिकॉनची पिशवी आत फाटली तरी कित्येकदा बाहेरून कळत नाही. म्हणून 5-6 वर्षांनी पहिली आणि मग दर 2-3 वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला सांगतात. मॅमोग्राफीत गाठ पिशवीआड झाकली जाऊ शकते. हा खर्च जाहिरातीत कुठं असतो?

आणि काळजी? फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीनं कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरलं होतं. 2010 साली ते उघड झालं तोवर लाखो बायकांच्या अंगात ते गेलं होतं. 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला खरखरीत पृष्ठभागाच्या पिशव्या जगभरातून परत घ्याव्या लागल्या, कारण त्यांचा एका लिम्फोमा कर्करोगाशी संबंध दिसला. हा रोग दुर्मीळ आहे, पण आहे. 2021 पासून अमेरिकेत धोक्यांची यादी वाचून, सही करूनच पिशवी बसवून घेता येते. आपल्या मुलीनंही डॉक्टरांकडं हेच मागावं: धोके लेखी द्या, पिशवीची कंपनी आणि नंबर लिहून द्या, काढायची वेळ आली तर खर्च किती तेही सांगा.

कर्करोगात स्तन गमावलेली बाई हा मार्ग निवडते, तिचा प्रश्न वेगळा. तिला कुणी बोल लावू नये. सगळं समजून-उमजून करणाऱ्या बाईलाही मी अडवणार नाही.

पण बायांनो, धडधाकट पोरीच्या मनात हा न्यूनगंड घालतं कोण? डॉक्टर नंतर येतो. आधी आपणच येतो! ‘पोरगी गोरी आहे हो, पण अंगानं अगदीच सपाट,’ हे हळदीकुंकवात कोण बोलतं? स्थळ बघायला गेल्यावर सुनेला डोळ्यांनी मापतं कोण? पाणी गाळून पिणारे आपण, बोलणं मात्र गाळत नाही. अहिंसा काय फक्त मुंगीपुरती?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी मुलीच्या अंगावरून शेरा मारला, तर हसून सोडू नका. तिथंच, चारचौघींत, ‘हे बोलणं बंद करा’ म्हणून सांगा. त्याला ना भूल लागते, ना टाके.