शुश्रूषेला विद्येचे अधिष्ठान हवे

१९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि पुढे काही वर्षांतच त्या संस्थेच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. रुग्णशुश्रूषा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, अशी समाजाची तेव्हा दृढ समजूत होती. रमाबाईंनी तिला वादविवादाने नव्हे, तर कृतीने उत्तर दिले. त्याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. दरवर्षी १२ मे रोजी परिचारिकांचा गौरव होतो, कोरोनाच्या काळात तर त्यांच्यावर पुष्पवृष्टीही झाली. परंतु त्यांच्या शिक्षणाविषयीची अनास्था मात्र पुरती सरलेली नाही.

दिल्ली आणि वेल्लोर येथे १९४६ साली परिचर्याशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हापासून ही विद्या विद्यापीठात प्रतिष्ठित झाली. महाराष्ट्रात आज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न अशी अनेक परिचर्या महाविद्यालये आहेत. केंद्र सरकारने २०२३ साली वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी परिचर्या महाविद्यालये उभारण्यासाठी १,५७० कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. ही पावले निश्चितच स्वागतार्ह आहेत. परंतु इमारत उभी राहिली म्हणजे विद्या आली, असे होत नाही.

परिचर्येचे खरे शिक्षण रुग्णशय्येजवळ होते, आणि नेमके तेथेच अनेक ठिकाणी विद्यार्थिनीला शिकणारी न मानता रिकाम्या ड्युटीवर उभी करण्याचे मनुष्यबळ मानले जाते. तापमान नोंदवणे, चादरी बदलणे, कागद पोहोचवणे यांत तिचा दिवस सरतो. ताप का चढला, औषधाची मात्रा का बदलली, हे सांगायला शेजारी शिक्षिका नसते. मग परीक्षा उत्तीर्ण झालेली मुलगी अतिदक्षता विभागात पहिल्या रात्री एकटी उभी राहते, तेव्हा तिच्या अपुऱ्या तयारीचे मोल रुग्णाला द्यावे लागते.

संधींच्या वाटा ठाऊक नाहीत असे नव्हे. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघाच्या छत्राखाली विद्यार्थी परिचारिकांची संघटना १९२९ पासून आहे. तिच्या अधिवेशनांतून विद्यार्थिनींना निबंधवाचनाची, स्पर्धांची आणि नेतृत्वाची संधी मिळते. अतिदक्षता परिचर्येचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमही उपलब्ध आहे. परंतु अधिवेशनाचा प्रवासखर्च शेतकऱ्याच्या वा गिरणी कामगाराच्या मुलीने कोठून आणावा? आणि विशेष शिक्षण घेऊन परतलेल्या परिचारिकेसाठी त्या पात्रतेचे पद व वेतन नसेल, तर तिने तो मार्ग का धरावा? म्हणूनच पाठ्यवृत्ती हव्यात. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात अनुभवी परिचारिकेच्या मार्गदर्शनाखाली काही महिने काम करण्यासाठी विद्यावेतन हवे. शय्याव्रण कसे टळतील, हात धुण्याची शिस्त वॉर्डात कशी रुजेल, अशा साध्या पण प्राणरक्षक प्रश्नांवर संशोधन करण्यासाठी लहान अनुदाने हवीत.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. परदेशी जाणाऱ्या मुलीला दोष देण्याचे कारण नाही. आपल्या गुणांचे चीज जेथे होईल तेथे जाण्याचा तिला अधिकार आहे. मात्र जाणाऱ्या मुलीला परकी भाषा शिकवण्याची जेवढी तत्परता आपण दाखवतो, तेवढीच येथे राहणाऱ्या मुलीला तिची विद्या अधिक शिकवण्यात दाखवली पाहिजे.

हे काम केवळ शासनाचे नाही. गणेशोत्सव मंडळांपासून धर्मादाय रुग्णालयांपर्यंत समाजाकडे साधने आहेत. एकेका मंडळाने एकेका विद्यार्थिनीचा वर्षाचा खर्च उचलला, निवृत्त मेट्रननी आठवड्यातील एक दिवस वॉर्डात शिकवण्यासाठी दिला, तरी पुष्कळ साधेल. घरातील मुलगी परिचारिका होऊ म्हणते तेव्हा ‘डॉक्टर का नाही?’ असे विचारणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनीही अंतर्मुख व्हावे. सेवेचा गौरव करणाऱ्या समाजाने सेवा करणाऱ्या हातांना ज्ञानाचे बळ द्यावे. रमाबाईंचे ऋण फेडण्याचा याहून प्रामाणिक मार्ग दुसरा नाही.