खेळ विकला, किल्ली ठेवून घेतली

दिवाळी अंकात मुख्याध्यापकाने व्हिडिओ गेमविषयी लिहायचे म्हटले, की पुढचे सारे वाचकाला तोंडपाठ असते. मैदाने ओस पडली, पोरांना चष्मे लागले, वाचनाची गोडी गेली, आणि शेवटी विटीदांडूच्या आठवणीने एक उसासा. तो उसासा मला टाकायचा नाही. एक तर मी स्वतः खेळतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने आपले प्लेस्टेशन आमच्या बेळगावच्या घरी ठेवले, त्याला आता तिसरे वर्ष. शाळेचे कागद आवरले की रात्री तासभर मी त्यापुढे बसतो. घरचे हसतात, हसोत बापडे. दुसरे असे, की या उसाशाने आजवर एकाही मुलाचे भले झालेले नाही. ज्यांना जाब विचारायला हवा, ते त्या उसाशाआड सुखाने धंदा करीत आहेत.

आधी खेळांच्या बाजूने दोन शब्द, कारण आमच्या शिक्षकवर्गात ते कोणी बोलत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने ‘एल्डन रिंग’ नावाचा खेळ आणला. त्यात किल्ल्याच्या वाटेवर, पुलापाशी मार्गिट नावाचा एक आडदांड पहारेकरी उभा असतो. त्याच्या हातून मी किती वेळा मेलो याची मोजदाद मी सोडून दिली. पण प्रत्येक मरणात काही शिकायला मिळते : त्याने काठी उगारल्याबरोबर पळायचे नाही, क्षणभर थांबायचे. भूमितीचा रायडर सुटेपर्यंत पाटी पुसत बसणारा विद्यार्थी जे करतो, तेच हे. आणि या खेळातली ऑनलाइन सोबतही किती गमतीची! अनोळखी खेळाडूंनी ठरावीक शब्दांतून जमिनीवर निरोप लिहून ठेवलेले असतात. कोणी सावध करतो, तर कोणी वात्रट ‘पुढे खजिना आहे’ असे लिहून आपल्याला कड्यावरून खाली पाठवतो. शिवी नाही, आरडाओरड नाही. एकदा किंमत मोजली की आत दुकान नाही.

‘इट टेक्स टू’ हा २०२१ चा खेळ तर एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे नवराबायको बाहुल्या होऊन बसतात आणि एकमेकांच्या मदतीवाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नाही. दोघांपैकी एकाने विकत घेतला तरी दुसरा दूरच्या गावाहून फुकट खेळू शकतो, अशी सोय करणाऱ्यांनीच करून ठेवली आहे. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळीने २०२० साली ‘राजी’ केला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, हाती त्रिशूळ आणि भोवती राजस्थानी धाटणीचे वाडे. ज्यांनी हे पाहिले नाही त्यांनी ‘मुलांचा वेळ फुकट जातो’ हे वाक्य निदान हळू आवाजात म्हणावे.

आता ज्यांच्याशी माझे भांडण आहे त्यांच्याकडे वळतो.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या यंत्राच्या कॅसेटी आमच्या गल्लीत या घरातून त्या घरात फिरत. चालेना की फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. शेजारच्या पोराने आठ दिवस नेली, त्याच्याकडून मावसभावाने नेली, आणि परत आली तेव्हा वरचे चित्र गेलेले. पण कॅसेट आपली होती. आज तसे राहिलेले नाही. फ्रान्सच्या युबिसॉफ्टने २०१४ साली ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ विकला. त्यात एकट्याने गाडी हाकतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले असावे लागे. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी रोख पैसे मोजून तबकडी घेतली होती त्यांच्या घरी ती नुसती चकती उरली. पुस्तकाच्या प्रकाशकाने दहा वर्षांनी येऊन कपाटातल्या प्रतीची पाने कोरी करून जावे, असाच हा प्रकार. एखाद्या प्रकाशकाने तसे केले असते तर या अंकाच्या संपादकांनी विशेषांक काढला असता!

सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. दोन आठवडे! तिथे पैसे परत मिळाले, हे मान्य केले पाहिजे. पण तो खेळ बरा की वाईट, हे ठरवायलाही आता तो कुठे शिल्लक नाही. निन्टेन्डोने जून २०२५ मध्ये आपले नवे यंत्र आणले, त्याच्या काही खेळांच्या कार्डात खेळच नसतो. असते ती नुसती किल्ली, खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. नावही त्यांनी प्रामाणिकपणे ‘गेम-की कार्ड’ असेच दिले आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला, की डिजिटल माल विकताना ग्राहकाला वापराचा परवानाच मिळत असेल तर तसे स्पष्ट सांगावे. म्हणजे तोवर ते स्पष्ट सांगितले जात नव्हते. शिवाय ऑनलाइन खेळण्याची वर्गणी वेगळी. सोनीच्या तिसऱ्या प्लेस्टेशनवर ती नव्हती. २०१३ मध्ये चौथे आले आणि बहुतेक विकतच्या खेळांना ती लागू झाली. वीज आपली, इंटरनेट आपले, खेळ आपण घेतलेला, समोरचा गडीही आपलाच मित्र. तरी मध्ये जकात नाका.

याहून वाईट गोष्ट पाकिटांची आहे, आणि तिच्यासाठी मी आज लेखणी उचलली. फुटबॉलचा जो खेळ पूर्वी ‘फिफा’ नावाने आणि २०२३ पासून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ नावाने निघतो, त्यात मुलांना आपला संघ बांधता येतो. खेळाडू मिळतात बंद पाकिटातून. आत एम्बापे निघेल की कोणी अनोळखी गडी, ते फोडल्यावर कळायचे. खेळून कमावलेल्या नाण्यांनी पाकिटे मिळतात, तशीच खऱ्या पैशांनीही मिळतात. बरे, वर्षभर जमवलेला हा संघ पुढच्या वर्षीच्या नव्या खेळात येत नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून. आमच्या सीमाभागात मटक्याने किती घरे धुऊन नेली, ते मी सांगायला नको. मटका लावणाऱ्याला निदान आकडा लागला तर पैसे तरी मिळत. इथे लागले तर चित्र मिळते, आणि तेही वर्षाच्या कराराने. धर्मराज द्यूतात हरला तरी फासे त्याच्या डोळ्यांसमोर पडत होते; इथले फासे कंपनीच्या यंत्रात पडतात.

बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशी विकतची पाकिटे हा जुगारच ठरवला आणि त्या देशात ईएला ती विक्री जानेवारी २०१९ मध्ये थांबवावी लागली. नेदरलँडमध्ये उलट झाले. तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने २०२२ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने वाद आहे, हे मी नाकारत नाही. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र वाद नाही. आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलाने वडिलांच्या फोनवरून तीन आठवड्यांत ४,२०० रुपयांची पाकिटे फोडली. वडील कारखान्यात फिटर. मुलगा मला म्हणाला, “सर, पुढच्यात नक्की निघणार होता.” हे वाक्य मी पूर्वी मटक्याच्या अड्ड्यावरच्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे.

आणि हे सारे आपोआप घडते असे समजू नका. अॅक्टिव्हिजनला ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळाले. नवख्या खेळाडूची गाठ मुद्दाम भारी शस्त्र विकत घेतलेल्या मुरब्ब्याशी घालून द्यायची, म्हणजे हरलेल्याला ते शस्त्र घ्यावेसे वाटेल, अशी त्यातली एक कल्पना. आपण ती कोणत्याही खेळात वापरलेली नाही, असे कंपनीने सांगितले. असेल. पण हे डोके कोणाचे तरी चालले, हे उरतेच. ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सने मुलांची माहिती परवानगीवाचून गोळा करणे आणि चुकून बटण दाबले तरी पैसे कापले जातील अशी मांडणी करणे, या दोन आरोपांवर डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलर भरण्याची तडजोड केली.

आपल्याकडे काय? आपल्याकडे बंदी. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली. पुढच्या वर्षी तोच खेळ नाव बदलून हजर झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने घाला घातला, ते योग्यच झाले. पण पाकिटांची सोडत हा त्याचा मुख्य विषय नाही.

परवा काही पालक माझ्याकडे एक अर्ज घेऊन आले. तालुक्यात मुलांना सर्व व्हिडिओ गेम बंद करावेत, अशी मागणी. सही मी केली नाही. त्यांच्यातल्या एकानेही आपला मुलगा काय खेळतो ते शेजारी बसून पाहिलेले नव्हते. पाहिले असते तर खानापूरचा त्यांचा पोरगा धारवाडच्या पोराला हेडफोनवरून कानडीत ‘डावीकडे वळ’ सांगतो आणि तिकडून मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर येते, हेही कानावर पडले असते. (मी आजवर उघडलेल्या एकाही खेळाच्या भाषांच्या यादीत मराठी दिसली नाही, ही तक्रार निराळी.) सरसकट बंदी मागणारा बाप ‘राजी’ आणि बंद पाकीट एकाच पोत्यात घालतो, आणि पाकीट विकणाऱ्याला तेच हवे असते. बाप पाठ फिरवून बसला, की मुलगा आणि दुकानदार दोघेच उरतात.

युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या नावाने लोकांनी मागणी केली, की विकलेला खेळ कंपनीने हात काढून घेतल्यावरही चालू शकेल अशा स्थितीत सोडावा. जुलै २०२५ मध्ये तिच्यावरील सह्या दहा लाखांपुढे गेल्या. आमच्या पालकांनी आपल्या अर्जातला मजकूर खोडून तेथे दोन ओळी लिहिल्या, तर मी पहिली सही करीन. अठरा वर्षांखालील मुलाला खऱ्या पैशांनी सोडतीचे पाकीट विकू नये. आणि सर्व्हर बंद पडल्यावर हा खेळ चालेल की नाही, ते खोक्यावर किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि कानडीत छापावे. अर्ज अजून माझ्या टेबलावरच आहे. ते लोक रविवारी पुन्हा येणार आहेत.