एका चेंजरचा खून

परवा शनिवारी इथे इंडियानात ऑफिसमधल्या एकाकडे जेवायला गेलो होतो. हॉलमध्ये अक्रोडाच्या लाकडाचं एक लांबलचक, बुटकं कपाट होतं. मॅग्नावॉक्सचं, साठच्या दशकातलं. त्याने मोठ्या अभिमानाने झाकण उघडलं. मला वाटलं, आता रेकॉर्ड लागणार. तर आत बाटल्या! म्हणे, "मशीन बंद होतं, काढून फेकलं." मॅग्नावॉक्स म्हणजे इथल्याच फोर्ट वेनची कंपनी. आपल्याच मातीतल्या वस्तूची ही गत!

तर मुद्दा असा, की ही मंडळी कपाटाला 'व्हिंटेज' म्हणतात आणि आतल्या चेंजरला भंगार. माझ्या मते हे बरोब्बर उलटं आहे. तसं कपाट एखादा चांगला सुतार आजही करून देईल. चेंजर कोण करून देणार?

तो काय करतो ते तरी बघा. मधल्या उंच दांडीवर रेकॉर्डची चळत लावायची. एक संपली की टोनआर्म आपोआप उचलला जातो, बाजूला सरकतो, वरून एकच रेकॉर्ड खाली पडते आणि सुई तिच्या कडेला अलगद टेकते. चांगला चेंजर तर रेकॉर्ड 7 इंची आहे की 10 की 12 हेसुद्धा ओळखतो. शेवटची संपली की स्वतःच बंद होतो. आणि हे सगळं एक मोटर, एक दातेरी चाक आणि काही तरफा यांच्या जिवावर. चाकाचा एक फेरा म्हणजे एक अख्खा प्रोग्राम. आम्ही दिवसभर इफ-एल्स लिहितो, यांनी ते लोखंडात कोरलं होतं!

बरं, हे श्रीमंतांचे नुसते चोचले नव्हते. व्हिक्टर कंपनीने 1927 मध्ये आपला ऑटोमॅटिक ग्रामोफोन आणला, तेव्हा 78 च्या 12 इंची रेकॉर्डची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपायची. अर्ध्या तासाची सिंफनी म्हणजे चार रेकॉर्ड, आठ बाजू. मग कंपन्यांनी चेंजरसाठी वेगळे संच काढले. पहिल्या रेकॉर्डवर बाजू 1 आणि 8, दुसरीवर 2 आणि 7, पुढे 3-6 आणि 4-5. चार बाजू ऐकायच्या, सगळी चळत एकदम उलटी करायची, की पुढच्या चार ओळीने हजर. काय डोकं आहे!

आता कोणी म्हणेल, चेंजर रेकॉर्डी खराब करतो. मान्य. रेकॉर्डवर रेकॉर्ड पडते, जुने टोनआर्म जडही असायचे. मग एका वेळी एकच लावा ना! त्यासाठी मशीन कशाला फेकायचं?

आणि 'बंद' म्हणजे तरी काय? बहुतेकदा जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं, म्हणून तरफा अडकतात. खोलायचं, स्पिरिटने पुसायचं, नवं वंगण द्यायचं. मोटरची गती तबकडीला देणारं रबरी चाक कडक झालं असेल तर तेही बघायचं. एका बगसाठी आपण अख्खा प्रोजेक्ट डिलीट करतो का?

त्याला मात्र मी यातलं एक अक्षरही बोललो नाही. बोलणार कुठल्या तोंडाने? पुण्याला आमच्याकडे आजोबांचा रेडिओग्राम होता. त्यात गॅरार्डचा चेंजर होता, हे मला नंतर घरात उरलेल्या माहितीपुस्तकावरून कळलं. तो अडकायला लागला तसा बाबांनी भंगारवाल्याला देऊन टाकला. पेटी तेवढी राहिली. तिच्यात मी क्रिकेटचं सामान ठेवायचो आणि मला भारी वाटायचं. लाकडाला आई अजून पॉलिश करते. आजोबांनी मात्र ते झाकण पुन्हा कधी उघडलं नाही.

असो. तुमच्याकडे अशी एखादी पेटी असेल, तर सुताराला बोलावण्याआधी एकदा स्क्रूड्रायव्हर हातात घ्या. एक रविवार जाईल, एवढंच.